विश्वसंगीत आणि आपले कान

गेल्या पावसाळ्यांत नाशकांतील एका वाचनालयाच्या सभागृहांत ‘विश्वसंगीत’ या विषयावर एक व्याख्यान झालें. वक्ते बहुश्रुत होते, वाणी गोड होती, आणि मधून मधून देशोदेशींच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे वाजवून दाखविण्याची सोयहि त्यांनीं केली होती. श्रोते तृप्त होऊन घरीं गेले. मीहि तृप्त झालों होतों. परंतु होळकर पुलावरून पंचवटीकडे पायीं परततांना त्यांचीं तीन वाक्यें माझ्या कानांत घोळूं लागलीं, आणि पूल संपेपर्यंत ती तृप्ति बरीचशी ओसरली. पहिलें वाक्य, संगीत ही अखिल मानवजातीची भाषा आहे. दुसरें, आपलें संगीत हजारों वर्षें परकीय स्पर्शापासून शुद्ध राहिलें आहे. तिसरें, रानावनांतील लोकांचें संगीत पांखरांच्या गाण्यासारखें सहज, न शिकतां येणारें असतें. हीं वाक्यें कोणा एका वक्त्याचीं नव्हत. आपल्या सुशिक्षित घरांतून संगीताची गोष्ट निघाली कीं तीं पानसुपारीसारखीं फिरतात. मीं स्वतः तीं केव्हां ना केव्हां उच्चारलीं आहेत, आणि त्यांतील तिसऱ्यावर विसंबून एकदां एका विद्यार्थ्याचा अपराधहि केला आहे. तो पुढें यथास्थळीं सांगेन.

प्रथम नांवाचाच विचार करूं. ‘विश्वसंगीत’ हा शब्द एखाद्या उपनिषदांतून उचलल्यासारखा भासतो. त्याची कथा मात्र निम्मी पाठशाळेंतली आणि निम्मी बाजारांतली आहे. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील वेस्लियन विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट ब्राउन यांनीं तो शैक्षणिक हेतूनें योजिला. परक्या देशाचें संगीत शिकावयाचें तर त्या देशाच्या गुरूपुढें बसून, स्वतःच्या हातानें वाजवून शिकावें, असा त्यांचा आग्रह होता. परंतु शब्दाला जगभर पाय फुटले ते १९८७ सालीं. त्या वर्षीं जूनच्या अखेरीस लंडनमधील एका मद्यगृहांत ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कांहीं लहान कंपन्यांचे चालक एकत्र जमले. त्यांची अडचण अगदीं व्यवहारांतली होती. आफ्रिकेंतला गवई, बल्गेरियांतील स्त्रियांचें समूहगान, पाकिस्तानांतील कव्वाल, या सर्वांच्या तबकड्या दुकानदार ठेवणार कोणत्या फळीवर? गिऱ्हाइकाला त्या सांपडणार कशा? तेव्हां फळीला एक पाटी हवी, म्हणून ‘विश्वसंगीत’ ही पाटी ठरली. जें आमच्या ओळखीच्या कोणत्याच कप्प्यांत मावत नाहीं तें विश्व! या विश्वांतून लंडन आणि न्यूयॉर्क तेवढीं वगळलेलीं होतीं, हें निराळें सांगावयास नकोच. पुढें ग्रॅमी पारितोषिकांतहि याच नांवाचा एक विभाग झाला. १९९४ सालीं आपले विश्वमोहन भट्ट यांना अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासह तें पारितोषिक मिळालें. २०२० सालीं नांवावर टीका झाली म्हणून इंग्रजीतला शब्द बदलून दुसरा, जवळजवळ त्याच अर्थाचा, घालण्यांत आला. पाटी रंगविली, फळी आहे तेथेंच आहे.

दुकानदाराला मी दोष देत नाहीं. त्याला माल विकावयाचा असतो. दोष आपला, कीं त्याची पाटी आपण तत्त्वज्ञान म्हणून वाचूं लागलों.

आतां तें विश्वभाषेचें वाक्य. तें इतकें उदार वाटतें कीं त्याला हरकत घेणारा माणूस कद्रू ठरावा. पण एक प्रसंग पाहा. १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें बांगलादेशांतील निर्वासितांच्या साहाय्यार्थ मोठा जलसा झाला. रविशंकर, अली अकबर खां आणि अल्लारखा व्यासपीठावर बसले, आणि त्यांनीं वाद्यें जुळवून घेतलीं. तारा जुळल्या, आवाज थांबला, आणि हजारों श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनीं मंद हसून, जुळवणीच आपणांस इतकी आवडली तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचें उत्तर दिलें. ही गोष्ट आपण हंशा पिकविण्यासाठीं सांगतों. पण त्या श्रोत्यांचें प्रेम खोटें नव्हतें. त्यांना ती भाषा येत नव्हती, इतकेंच. वाक्य कोठें सुरू झालें आणि अक्षरें कोठें नुसतीं घोटलीं जात होतीं, हें त्यांना उमगलें नाहीं.

उलट बाजूनें माझी स्वतःची फजिती सांगतों. मुंबईस एम्. ए. करीत असतांना बीथोव्हेनचें चार तंतुवाद्यांचें एक चतुष्टय मीं कॅसेटवर वारंवार ऐकलें. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला तें ऐकलें पाहिजे अशी त्या काळीं समजूत होती. वर्षभर मला त्यांत एकच गोष्ट ऐकूं येई: वरचें व्हायोलिन गातें आणि बाकीचे तिघे त्याला अडथळा करितात. वसतिगृहांत शेजारच्या खोलींत गोव्याचा एक मित्र राहत असे. त्याच्या घरीं दोन पिढ्या चर्चमध्यें व्हायोलिन वाजविलें जात होतें. माझी तक्रार ऐकून तो म्हणाला, “अरे, वरचें सोड. चेलो काय करतोय तेवढेंच ऐक. आठ दिवस दुसरें कांहीं ऐकूं नकोस.” मीं तसें केलें. आठव्या दिवशीं नव्हे, पण महिन्याभरानें एके रात्रीं तें वाद्य बोलतें आहे, वरच्यास उत्तर देतें आहे, कधीं त्याचें म्हणणें खोडून काढतें आहे, असें एकाएकीं कळलें. आणि ज्यास मी अडथळा समजत होतों तोच मुख्य संवाद होता हें ध्यानांत आलें. ही भाषा मला आपोआप आली नाहीं. कोणीतरी ती शिकविली.

ही गोष्ट शास्त्रानेंहि मागेंच सांगून ठेविली आहे. अलेक्झांडर एलिस या इंग्रज पंडितानें १८८५ सालीं निरनिराळ्या राष्ट्रांचे स्वरसप्तक मोजून पाहिले. सप्तकाचे बाराशें सूक्ष्म भाग पाडून स्वरांतरें मोजण्याची रीत त्याचीच. त्या भागास ‘सेंट’ म्हणतात. अरब, हिंदी, जावा बेटांतील, चिनी अशीं वाद्यें त्यानें तपासलीं आणि निष्कर्ष काढला कीं सप्तक एक नाहीं, निसर्गानें नेमून दिलेलें नाहीं, तें मनुष्याच्या रुचीनें आणि संस्कारानें नाना प्रकारें बनतें. ज्या काळीं युरोपांतील पुष्कळ विद्वान् आपल्याच बारा स्वरांना सृष्टीचा नियम समजत होते त्या काळीं हें लिहावयास धैर्य लागलें असावें. आपण मात्र एलिसला विसरून त्याच्या विरोधकांचें वाक्य, जरा गोड करून, अजून बोलतों.

दुसऱ्या वाक्याकडे वळतों, म्हणजे शुद्धतेकडे. आणि येथें मला थोडें रेंगाळावें लागणार आहे, कारण आमच्या घरांत एक पेटी आहे.

ती माझ्या आजोबांची. भात्याचें कातडें दोनदां बदललें, मध्य सप्तकांतले दोन सूर बसके झाले आहेत, तरी वाजते. पंचवटींतल्या आमच्या आळींत अशी पेटी नसलेलें घर मला लहानपणीं ठाऊक नव्हतें. देवळांतल्या कीर्तनास पेटी, मंगळागौरीस पेटी, शाळेंतल्या ईशस्तवनास पेटी. ती परदेशी आहे असें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. वस्तुतः हार्मोनियम हें युरोपांत, मुख्यतः फ्रान्समध्यें, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आकाराला आलेलें वाद्य. तें मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर इकडे आलें; पायानें भाता हालविण्याची बैठक आपल्या जमिनीवरच्या बैठकीला सोयीची नव्हती, म्हणून कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं त्या शतकाच्या शेवटच्या पावशतकांत हातानें भाता हालवावयाची सुटसुटीत पेटी केली. आणखी मागें जावें तर जी पितळी जीभ त्यांत थरथरते तिचें कुळ चीनमधील ‘शेंग’ या मुखवाद्यापर्यंत पोंचतें. म्हणजे चीनची जीभ, फ्रान्सचा सांगाडा, बंगालचा भाता, आणि गाणें ‘सौभद्रा’तलें!

या पेटीवर जो खटला चालला तो फार बोधप्रद आहे. आरोपी परदेशी, परंतु प्रथम फिर्याद कोणी केली? फॉक्स स्ट्रँगवेज या इंग्रज ग्रंथकारानें १९१४ सालच्या आपल्या हिंदी संगीतावरील ग्रंथांत तिच्यावर कडक टीका केली. आनंद कुमारस्वामींचें मत तेंच. १९३८ सालीं दिल्ली नभोवाणीवर पाश्चात्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स यांनीं नभोवाणीच्या इंग्रजी नियतकालिकांत तिच्याविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथांचाहि तिच्यावर रोष होता. अखेर मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. स्वराज्य आलें तरी बंदी उठली नाहीं. १९५२ ते १९६२ या काळांत नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी गृहस्थ, तिचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९७१ सालीं ती सैल होऊं लागली. एकतीस वर्षें महाराष्ट्रांतल्या हजारों घरांतून दररोज संध्याकाळीं पेटी वाजत होती, आणि त्याच घरांतल्या रेडिओवर ती वर्ज्य होती. परदेशी वाद्यापासून हिंदी संगीताचें रक्षण करण्याची हाक परदेशी पंडितांनीं दिली, आणि राष्ट्राभिमान म्हणून आपण ती उचलली. शुद्धतेची ही कल्पनाच मुळीं आपण बऱ्याच अंशीं त्यांच्या ग्रंथांतून शिकलों कीं काय, असा मला संशय आहे.

याचा अर्थ फिर्याद निराधार होती असा नव्हे. पेटीचे समर्थक भावनेच्या भरांत ही गोष्ट विसरतात. पेटीवर मींड निघत नाहीं. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारावी लागते, घसरतां येत नाहीं. तिचे बारा सूर समान अंतरांचे, म्हणजे सर्व थोडथोडे बेसूर. तंबोरा चांगला जुळला कीं खर्जाच्या तारेंतून एक गांधार आपोआप उमटतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतों. एलिसच्या मापानें तो षड्जापासून सुमारें ३८६ सेंटांवर असतो. पेटीचा गांधार ४०० वर. चौदा सेंट म्हणजे किती, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं मिरजेचा एक चांगला तंबोरा आणि आमची पेटी एकदम सुरू केलीं तेव्हां, वयाच्या तिसाव्या वर्षीं, मला पहिल्यानें कळलें कीं मी जन्मभर ज्याला गांधार म्हणत आलों तो गांधार नव्हता. त्या दिवशीं आजोबांची आठवण होऊन मला वाईट वाटलें. त्यांना हें ठाऊक होतें काय?

हा दोष काढण्याचाहि प्रयत्न याच प्रांतांत झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं अब्दुल करीम खां यांच्या गळ्यांतले स्वर मोजून बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० सालीं त्यावर पुस्तक काढलें; क्लेमेंट्स नांवाच्या इंग्रज न्यायाधीशानें त्यांच्याबरोबर खटपट करून श्रुतींची पेटी करविली. १९१६ सालीं बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला आणि पंडित भातखंड्यांच्या पक्षानें ती मानली नाहीं. श्रुति ही खुंटीला टांगून ठेवण्याची वस्तु नव्हे, रागारागांत ती हालते, हें त्यांचें म्हणणें मला पटतें. तथापि हा ध्यास सुटलेला नाहीं. आपल्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं पुन्हां बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केलीच.

मग एवढी दोषास्पद वस्तु घराघरांत शिरली कशी? स्वस्त, सोपी, टिकाऊ, हीं कारणें खरींच. एक कारण आपण सहसा बोलून दाखवीत नाहीं. गळ्याची खरी साथ सारंगीची. पण सारंगीचा संबंध कोठीवरच्या गाण्याशीं, आणि तिचे वादक आपल्या घरांत पाट मांडून बसविण्याजोगे आपल्या वडीलधाऱ्यांना वाटत नव्हते. विष्णु दिगंबरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. आयुष्याच्या अखेरच्या पर्वांत ते आमच्या पंचवटींत आश्रम करून राहिले. १९३१ सालीं मिरजेस वारले. त्यांच्यासारख्यांच्या तपश्चर्येनें गाणें मध्यमवर्गीय घरांत आलें, मुली गाऊं लागल्या, हें ऋण केवढें मोठें आहे! पण गाण्याला प्रतिष्ठा देतांना त्या प्रतिष्ठेच्या दाराबाहेर कोण उभें राहिलें, तेंहि पाहिलें पाहिजे. पेटीला पूर्वायुष्य नव्हतें. ती दुकानांतून कोरी येत होती. शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्या घरांनीं एतद्देशीय सारंगीऐवजीं परदेशी पेटी निवडली, ती अशी शुद्धतेपायींच.

आणि आतां ती परदेशी राहिली आहे काय? गोविंदराव टेंब्यांनीं पेटीवर जें केलें तें कोणत्याहि फ्रेंच माणसाच्या कल्पनेंत नव्हतें. भात्याचा दाब क्षणोक्षणीं बदलून, दोन पट्ट्यांमध्यें बोटें निसटवून, जी मींड निघत नाहीं तिचा भास निर्माण करणें, ही कला इथें जन्मली. मौज अशी कीं पेटीचे शत्रु असलेले गवईसुद्धां आपला षड्ज सांगतात तो ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असाच! तंबोऱ्यावर काळी-पांढरी कोठें असते?

पेटीचें हें एक उदाहरण जरा सविस्तर पाहिलें. बाकीचीं वाचकांनीं स्वतः पाहावींत. कर्नाटक संगीतांतील व्हायोलिन मद्रासच्या गोऱ्यांच्या बँडवरून बालुस्वामी दीक्षितरांनीं उचललें, आणि त्याच सुमारास तंजावरास मराठी राजा सरफोजी याच्या पदरीं पाश्चात्य वाद्यवृंद होता. आपल्याकडच्या वि. गो. जोगांनीं त्याच व्हायोलिनवर ख्याल वाजविला. सतार नांवानें फारसी. आपला नगारा म्हणजे अरबी ‘नक्कारा’. तोच धर्मयुद्धांच्या काळीं युरोपांत गेला आणि तिकडच्या वाद्यवृंदांतील नगाऱ्यांचा पूर्वज झाला. गणेशोत्सवांत ज्या ताशाच्या कडकडाटानें आमच्या रविवार कारंजावरच्या भिंती हादरतात तो ताशा नांवानें आणि वंशानें फारसी-अरबी. मोहरमच्या मिरवणुकींत तोच वाजतो. आणि १८४५ पासून मजुरीसाठीं समुद्रापार गेलेल्या हिंदी लोकांबरोबर तो त्रिनिदादला पोंचला, तेथें लग्नांत आणि मोहरमांत ‘टासा’ या नांवानें आजहि वाजतो. त्यास अस्सल शिवकालीन म्हणून मिरविणाऱ्या पथकांचें आजचें रूप, तो एकसारखा पोषाख, त्या शिस्तबद्ध रांगा, हें सर्व गेल्या पन्नास-साठ वर्षांतलें आहे. यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं. खोटें सांगण्याची गरज मात्र नाहीं. तिकडे केरळांतल्या उत्सवांत मल्याळी तरुणांचीं पथकें ‘नाशिक ढोल’ या नांवानें गाजतात, आणि तेथील चेंड्याच्या अभिमान्यांना तें परकें आक्रमण वाटतें. नाशिकचा माणूस एकदां तरी ‘विश्व’ झाला, तो असा!

पाश्चात्य संगीत म्हणजे कल्लोळ, त्यांत भाव नाहीं, हा आणखी एक समज आपल्याकडे आहे. त्यांचा उलट समज, कीं ज्यांत अनेक सुरांचा मेळ नाहीं तें संगीत बाल्यावस्थेंतलें, हाहि तितकाच पोकळ आहे. त्यांच्या चर्चमधील जुनें ग्रेगोरियन गान एकाच स्वरपंक्तीचें. बाख आयत्या वेळीं सुचेल तसें वाजविण्यांत प्रसिद्ध होता. या विषयावर वाद घालण्यापेक्षां गोव्याकडे पाहावें. मांडो ऐकून आपण म्हणतों, पोर्तुगीज आहे. शब्द कोंकणी, साथीस मातीचें घुमट, आणि वर दोन आवाजांचा मेळ. असा प्रकार लिस्बनला सांपडत नाहीं. चर्चच्या शाळांतून सुरावट वाचावयास शिकलेले हेच गोमंतकीय वादक पुढें मुंबईच्या चित्रपटसृष्टींत आले. चाल संगीतदिग्दर्शकाची, पण तिच्याखालीं वाद्यवृंदाची इमारत बांधणारे हात पुष्कळदां यांचे. अँथनी गोन्साल्विस यांनीं तर १९५८ सालीं मुंबईंत हिंदी रागांवर मोठ्या वाद्यवृंदाचा जलसा करून लता मंगेशकर व मन्ना डे यांना गावयास उभें केलें. आपण ज्यांना मराठी-हिंदी गाणीं म्हणून उराशीं धरतों त्यांच्या तळाशीं हे लोक आहेत. त्यांचीं नांवें मात्र तबकडीवर बहुधा नसत.

आतां तो विद्यार्थी.

कांहीं वर्षांमागें महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठीं वाद्यवादनाची स्पर्धा होती आणि परीक्षक-समितीचा मी प्रमुख होतों. पेठ तालुक्यांतला एक मुलगा पावरी घेऊन आला. दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढें ताडाच्या पानांचा मोठा कर्णा, असें तें वाद्य. कोकणा लोकांत तें चालतें. त्याला मीं विचारलें, कोणता राग वाजविणार? तो गप्प राहिला. पेटीवर त्याचा सूर जुळवून पाहिला, जुळेना. तेव्हां मीं निकाल दिला कीं हें संगीतस्पर्धेंत बसत नाहीं, लोकनृत्याच्या विभागांत याला साथीस घ्यावें. शिवाय, हें यांना उपजतच येतें, यांत स्पर्धा कसली, असें सहकाऱ्यांना इंग्रजींत म्हणालों. तो “बरं, सर” म्हणून निघून गेला. संमेलनांत कागदी पानांचे पोषाख केलेल्या शहरांतल्या मुली नाचल्या, आणि तो पडद्याच्या कडेला अंधारांत उभा राहून वाजवीत होता. टाळ्या मुलींना मिळाल्या. पुढल्या वर्षीं तो आला नाहीं.

ज्या पेटीशीं जुळेना म्हणून मीं पावरी बेसूर ठरविली त्या पेटीचा गांधार स्वतःच चौदा सेंटांनीं चढा होता, आणि हें मला तेव्हां ठाऊक होतें! ठाऊक असलेली गोष्ट ऐन वेळीं कानांपर्यंत पोंचली नाहीं.

दोन वर्षांनीं मार्गशीर्षांत एका सहकाऱ्याबरोबर मी त्याच्या गांवीं गेलों. नाशकापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. डोंगऱ्यादेवाचा उत्सव चालू होता. रात्रीं अंगणांत माणसें फेर धरून नाचत होतीं आणि मध्यें तोच मुलगा पावरी वाजवीत होता. पाऊण तास झाला तरी त्याचा श्वास कोठें तुटतो तें मला कळेना; गालांत हवा सांठवून नाकानें पुन्हां घेत असावा. हळूहळू लक्षांत आलें कीं नाच पावरीच्या मागें चालला आहे. सुरांची एक लहानशी वळणी बदलली कीं सारा फेर उलटा फिरे. दुसरी आली कीं पावलें आंखूड होत. नाचणाऱ्या म्हाताऱ्या बायासुद्धां ती खूण माझ्या आधीं, निमिषांत, ओळखीत. मला ती चौथ्या-पांचव्या खेपेस ओळखूं येऊं लागली. तोंपर्यंत सर्व एकसारखेंच वाटत होतें. बीथोव्हेनच्या वेळीं वाटलें होतें, अगदीं तसेंच.

पहाटे चहा घेतांना त्याला विचारलें कीं हें तूं शिकलास कोणाकडे. म्हणाला, मामाकडे, चार पावसाळे. पहिलें वर्ष तर नुसती हवा सांठवायला गेलें; मामा पळसाची नळी पाण्यांत धरायला लावी आणि बुडबुडे तुटले कीं उठून जाई. देवाची चाल निराळी, लग्नाची निराळी. एकीच्या जागीं दुसरी वाजविली तर माणसें नाचावयाचीं थांबतात. मीं त्याची क्षमा मागितली. शब्द नीट जुळले नाहींत. मास्तरांना ती संवय नसते. तो संकोचला आणि त्यानें विषय बदलला. त्याला एका संस्थेनें पुण्यास कुठल्याशा ‘विश्वसंगीत’ महोत्सवांत वाजविण्यासाठीं बोलावलें होतें, आणि त्याविषयीं त्याला माझा सल्ला हवा होता.

“सर, ते म्हणतात पांच मिनिटांत बसवा. आमचें तर रात्रभर चालतें. पांच मिनिटांचें कसें करायचें तेवढें सांगा.”

मीं चहाचा पेला खालीं ठेवला. आंत कोणीतरी पावरीच्या कर्ण्याचीं पानें दोऱ्यानें घट्ट करीत होतें. मला उत्तर सुचलें नाहीं, आणि व्याख्यानाच्या रात्रीं पुलावर, कठड्याशीं थांबून, मीं पुन्हां एकदां तें शोधून पाहिलें तेव्हांहि सुचलें नाहीं.